स्लो रेसला गाडी बंद का पडते?

नोव्हेंबर लागला की सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. आष्ट्याहून सांगलीकडे येताना पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असला आणि समोरून एसटी येत असली, की मोटारसायकलवाल्याला दुसऱ्या गिअरमध्ये पंधरा-वीसच्या वेगानं मागं मागं जावं लागतं. गाडीचं लपलेलं दुखणं अशा वेळीच बाहेर येतं. ती झटके मारते, रेस सोडली की फुरफुरते आणि क्लच दाबून थांबलं की बंद पडते. तीच गाडी हायवेवर साठच्या वेगानं काही तक्रार न करता धावते. मग मालक म्हणतो, इंजिन तर चांगलं आहे, पेट्रोलच खराब असणार.

गेल्या काही वर्षांत या शंकेला एक नाव मिळालं आहे: ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्याविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, पण चहाच्या टपरीवरचा खटला अजून चालूच आहे. आपल्याकडं त्यात आणखी एक मजा आहे. कृष्णाकाठचा ऊस कारखान्यात जातो, त्याच्या मळीपासून इथेनॉल होतं आणि ते आपल्याच टाकीत येतं. ऊस घालणारा आणि गाडी अडखळली म्हणून वैतागणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो.

ई२० चा वाटा किती, ते पुढं पाहूच. आधी गाडी स्लो रेसवर कशी चालते ते समजून घेऊ. ते कळलं की निम्मी दुरुस्ती घरीच होते, आणि उरलेल्या निम्मीसाठी गॅरेजमध्ये नेमकं काय सांगायचं तेही कळतं.

आयडलिंग म्हणजे काय

रेस पूर्ण सोडलेली, गाडी न्यूट्रलला, आणि इंजिन आपल्या आपण चालू आहे, याला आयडलिंग म्हणतात. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ते मिनिटाला सुमारे १४०० फेऱ्यांवर ठेवलेलं असतं. मोठ्या, जड फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या वजनदार चाकाच्या) गाड्यांत हजाराच्या आसपासही चालतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एकदाच स्फोट होतो. म्हणजे १४०० फेऱ्यांना मिनिटाला ७०० स्फोट, आणि एकाच सिलिंडरच्या गाडीत दोन स्फोटांच्या मधल्या काळात इंजिन फक्त फ्लायव्हीलच्या जोरावर फिरत राहतं. त्यात दोन-तीन स्फोट हुकले तर वेग पडतो आणि गाडी बंद होते. साठच्या वेगात धावताना तेवढेच स्फोट हुकले तर गाडीचा आणि चाकांचा वेगच इंजिनाला ओढून नेतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

स्फोट नीट व्हायला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, वेळेवर पडलेली जोरकस ठिणगी आणि दाब धरणारं सिलिंडर. निव्वळ पेट्रोल असेल तर १ ग्रॅमला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झालं तर गॅरेजवाले गाडी ‘रिच’ चालते म्हणतात, कमी झालं तर ‘लीन’. हे दोन शब्द पुढं सारखे येतील.

छोटा दोष स्लो रेसलाच मोठा का होतो

रेस सोडली की हवेची वाट जवळपास बंद होते. इंजिन एका चिंचोळ्या फटीतून श्वास घेत असतं. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. तो असलेल्या गाडीत या वेळी पेट्रोल देण्याचं काम एका वेगळ्या बारीक वाटेकडं असतं. तिच्या तोंडाशी पितळेचा एक तुकडा बसवलेला असतो, त्याला स्लो जेट म्हणतात. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. रेस बंद असल्यापासून साधारण आठव्या हिश्श्यापर्यंत पिळेपर्यंत गाडी मुख्यतः या वाटेवर चालते. त्यापुढं निडल आणि मेन जेट काम हाती घेतात.

ट्रॉलीच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये जाताना आपण नेमके या पहिल्या आठव्या हिश्श्यात असतो. म्हणून सिग्नलला बंद पडणं आणि हळू चालताना झटके बसणं ही बहुतेक वेळा एकाच आजाराची दोन लक्षणं असतात. आणि हायवेवर गाडी ठणठणीत वाटते, कारण तिथं वाटच दुसरी.

शिवाय प्रमाणाचा प्रश्न आहे. लग्नाच्या पंगतीच्या आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तर कुणाला कळत नाही, पण तेवढंच मीठ एका वाटीत पडलं तर ती तोंडात धरवत नाही. कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबराला बारीकशी भेग पडून जी हवा आत शिरते, ती पूर्ण वेगात एकूण हवेच्या मानानं नगण्य असते. आयडलिंगला मात्र सगळा हिशोब बिघडवायला तेवढी पुरते. त्यातच रेस बंद असताना आत जुना जळका वायूही जास्त प्रमाणात उरतो, त्यामुळं मिश्रण पेटायला मुळातच आळशी असतं. अर्धवट घासलेला प्लग, थोडं घट्ट झालेलं टॅपेट (इंजिनाच्या झडपेजवळची फट, ती पुढं येईलच), जरा तुंबलेला जेट असे दोष जोरात धावताना झाकून जातात आणि स्लो रेसला उघडे पडतात.

आधी गाडीचं वागणं बघा

पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकी कधी बिघडते ते बघावं. माझ्या मते घरच्या माणसाला इथं मेकॅनिकपेक्षा जास्त कळू शकतं, कारण गाडी रोज त्याच्या हाताखाली असते. गॅरेजमध्ये नेली की ती हमखास शहाण्यासारखी वागते.

गाडी गरम होऊ द्या, मग न्यूट्रलला ठेवून चोक थोडासा ओढा. चोक म्हणजे मिश्रण मुद्दाम रिच करायची सोय. चोक ओढल्यावर इंजिन सुधारलं, आवाज एकसारखा झाला, तर गाडी लीन चालत होती: स्लो जेट तुंबलाय किंवा कुठून तरी जादा हवा आत येतेय. चोक ओढताच घुसमटून बंद पडायला लागली, तर ती आधीच रिच आहे, नाहीतर दुखणं पेट्रोलच्या बाजूचं नाहीच. चोकची सोय असलेल्या गाडीवर ही तपासणी फुकट होते आणि पन्नास तर्कांचं काम वाचवते.

आता रेस जोरात देऊन एकदम सोडा. फेऱ्या वर रेंगाळून हळूहळू खाली आल्या तर लीन मिश्रण किंवा हवेची गळती असण्याची शक्यता जास्त. थ्रॉटलची, म्हणजे रेसनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेची, केबल अडकत असली तरी असंच होतं, म्हणून हँडल डावीकडं-उजवीकडं पूर्ण वळवून बघा. वळवल्यावर फेऱ्या बदलल्या तर दोष केबलचा आहे, इंजिनाचा नाही. याउलट रेस सोडल्यावर फेऱ्या नेहमीपेक्षा खाली बुडी मारून मग सावरत असतील तर मिश्रण रिच आहे.

थंड असताना त्रास देणारी आणि गरम झाल्यावर सुधारणारी गाडी बहुधा लीन असते. थंड असताना चांगली आणि दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर सिग्नलला बंद पडणारी गाडी असेल तर आधी टॅपेटवर संशय घ्यावा. वीस मिनिटं चालल्यावर पेट्रोल संपल्यासारखी मरते आणि टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येऊन पुन्हा सुरू होते, अशी गाडी असेल तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. दहा मिनिटांचं काम असतं, पण यापायी कार्बोरेटर बदललेले लोक आहेत.

कार्बोरेटर सगळ्यात शेवटी

गॅरेजमध्ये पहिला हात कार्बोरेटरला जातो. तो उघडला की काम केल्यासारखं दिसतं. पण क्रम उलटा हवा. आधी एअर फिल्टर. खटाव-माणची धूळ, वीटभट्ट्यांचा रस्ता, उसाच्या फडात उभी केलेली गाडी, यांतलं काहीही असेल तर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट पाहू नका. कागदाचा फिल्टर असेल तर तो बदलायचा असतो, पेट्रोलमध्ये धुवायचा नसतो. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, हलकं ऑइल लावून पिळून बसवतात. तुंबलेल्या फिल्टरमुळं गाडी रिच होते, आणि मग मेकॅनिकनं मिश्रणाचा स्क्रू फिरवून ती लीन केली, की फिल्टर बदलल्यावर ती भलतीच लीन होते. एका चुकीवर दुसरी चुकी बसवण्याचा हा नेहमीचा प्रकार.

मग प्लग. बाहेर काढून टोक बघा. तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर रिच, पांढरट असेल तर लीन. ओलं तेलकट असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल वर येतंय, आणि मग हा लेख तुमच्या फारसा कामाचा नाही, रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघालंय. रंग बघताना एक काळजी घ्या: पाच मिनिटं नुसती आयडलिंगला ठेवलेल्या गाडीचा प्लग काळा दिसणारच, तेव्हा थोडं फिरवून आणून मग काढा. टोकातली फट पुस्तकात दिली असेल तेवढीच हवी. ती झिजून वाढली की ठिणगीला जास्त जोर लागतो आणि कमजोर कॉइल तिथंच हरते. प्लगच्या टोपीत पावसाचं पाणी किंवा गंज नाही ना, तेही बघा. पाटण, महाबळेश्वर भागातल्या गाड्यांना पावसाळ्यात हा त्रास पुष्कळ होतो.

टॅपेटबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण गैरसमज इथंच जास्त आहेत. व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट म्हणजे टॅपेट क्लिअरन्स. लहान गाड्यांत ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, नेमका आकडा पुस्तकात असतो. इंजिन तापलं की धातू फुगतो, म्हणून ही फट लागते. फट जास्त झाली की टकटक आवाज येतो. लोकांना आवाज सहन होत नाही, ते मेकॅनिकला म्हणतात, “टॅपेटचा आवाज बंद कर.” तोही स्क्रू आवळून आवाज बंद करून देतो. आता गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो, आयडलिंग डगमगतं, आणि दिवस गेले की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. थोडा टकटक आवाज करणारं टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षा बरं. आणि ही फट रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजायची असते. गाडी चालवत आणून गरम इंजिनावर अंदाजानं केलेलं टॅपेट म्हणजे नुसता खेळ.

शेवटी कार्बोरेटर आणि इंजिनामधलं रबर. गाडी चालू ठेवून कार्बोरेटर हातानं हलकेच हलवा, फेऱ्या बदलतात का बघा. किंवा फवाऱ्याच्या बाटलीतून साधं पाणी त्या जोडावर थोडंसं उडवा. भेग असेल तर पाणी ओढलं जाऊन आवाज लगेच बदलतो. काहीजण इथं पेट्रोल ओततात, ते करू नका. शेजारीच सायलेन्सर तापलेला असतो.

आता कार्बोरेटर उघडू

वरचं सगळं ठीक निघालं आणि चोकची तपासणी अजून लीनच सांगत असेल, तर स्लो जेट तुंबलाय. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली तर कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट थर मागं राहतो. तो सगळ्यात आधी सगळ्यात बारीक भोकात बसतो.

जेट साफ करायला तार घालू नका. स्टोव्हची पिनही नको. पितळ मऊ असतं. ०.३५ मिलिमीटरचं भोक खरवडून ०.४० झालं तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण वाट तीस टक्क्यांनी मोठी झालेली असते. मग गाडी कायमची रिच, आणि कुठल्याच स्क्रूनं ती जागेवर येत नाही. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, थोडा वेळ भिजू द्या, आणि हवेच्या दाबानं फुंका. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो. जेट उजेडाकडं धरला की गोल, स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. नुसता जेट साफ करून भागत नाही, त्याच्या पुढं कार्बोरेटरच्या अंगातून जाणारे बारीक मार्गही फुंकावे लागतात. फवारताना डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण तो फवारा भलत्याच भोकातून सरळ तोंडावर येतो. रबरी भाग, फ्लोट आणि डायफ्रॅम आधी काढून ठेवा, क्लीनरनं ते फुगतात.

सगळं जोडलं की मिश्रणाचा स्क्रू लावायचा. कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. आयडलिंगचा स्क्रू थ्रॉटल किती उघडा राहील एवढंच ठरवतो. दुसरा मिश्रणाचा. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा पेट्रोलचं प्रमाण सांभाळतो: आत फिरवला की लीन, बाहेर फिरवला की रिच. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा सांभाळतो आणि सगळं उलटं होतं. हे न बघता फिरवत बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत तिथंच बसतो.

इंजिन पूर्ण गरम करा. मिश्रणाचा स्क्रू किती फेऱ्यांवर होता ते मोजत हलक्या हातानं आत टेकवा. आवळू नका, टोक निमुळतं असतं आणि ते बसायची जागा बिघडते. मग पुस्तकातल्या आकड्याइतका, तो नसेल तर दीड-दोन फेऱ्या बाहेर काढा. गाडी चालू करून पाव-पाव फेरी फिरवत जा, आणि प्रत्येक वेळी इंजिनाला सावरायला थोडा वेळ द्या. एका जागी फेऱ्या सगळ्यात जास्त आणि आवाज सगळ्यात एकसारखा होतो. तिथं थांबून आयडलिंगचा स्क्रू सैल करून फेऱ्या खाली आणा. मग पुन्हा एकदा मिश्रण तपासा, कारण दोन्ही स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात. स्क्रू पूर्ण आत टेकवूनही गाडीला काही फरक पडत नसेल, तर ती वाट अजून तुंबलेली आहे किंवा पेट्रोल दुसरीकडून येतंय. अशा वेळी वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत असेल का, चोक पूर्ण बंद होतो का, ते बघा.

एवढं झाल्यावर पीयूसी करायला जायची वेळ आली असेल तर तिचा फायदा घ्या. ती तपासणी आयडलिंगवरच होते आणि पावतीवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. तो फार जास्त असेल तर गाडी रिच आहे. अर्थात नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली असेल तर.

“माझ्या गाडीला कार्बोरेटरच नाही”

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यात पेट्रोल किती द्यायचं ते एक छोटा संगणक ठरवतो, त्याला ईसीयू म्हणतात. त्याला थ्रॉटल किती उघडं आहे, इंजिन किती गरम आहे, सायलेन्सरमधून किती ऑक्सिजन बाहेर पडतोय, हे सेन्सर कळवत राहतात. अनेक गाड्यांत आयडलिंगची हवाही तोच कमी-जास्त करतो, त्यामुळं फिरवायला स्क्रू नसतो.

पण वरची निम्मी यादी इथंही तशीच लागू आहे. प्लग, टॅपेट, एअर फिल्टर आणि रबराची भेग संगणकाला दुरुस्त करता येत नाहीत. उलट भेगेतून शिरलेली हवा त्याला हिशोबात धरता येत नाही आणि तो गोंधळतो. त्याशिवाय थ्रॉटल बॉडीच्या कडेला काजळी जमून आयडलिंगची चिंचोळी वाट अरुंद होते. ती फडक्यावर क्लीनर घेऊन पुसायची, खरवडायची नाही.

चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक आवाज येतो. तो रोजच्यासारखा येतो का ऐका. मीटरवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. नाही विझला तर ईसीयूनं दोष नोंदवलेला आहे. काही गाड्यांत दिव्याच्या लांब-आखूड लुकलुकण्यावरून, नव्यांत स्कॅनर लावून तो वाचता येतो. अंदाजानं सेन्सर बदलत सुटण्याआधी हे वाचायला सांगा. बॅटरीही तपासून घ्या, कारण या गाड्यांत पंप, इंजेक्टर आणि ठिणगी सगळं तिच्यावर आहे.

आणि रोज शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून गाडी कायम रिझर्व्हवर पळवायची आपल्याकडची सवय इंजेक्शनच्या गाडीला मानवत नाही. पंप टाकीतल्या पेट्रोलात बुडालेला असतो आणि त्यानंच थंड राहतो. टाकी तळाला गेली की तो तापतो आणि तळातला गाळ ओढतो.

मग ई२० चा काहीच दोष नाही?

आहे, पण लोक समजतात तसा नाही.

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, वजनाच्या सुमारे ३५ टक्के. त्यामुळं ई२० ला जळायला हवा कमी लागते: १ ग्रॅमला साधारण १३.५ ग्रॅम. त्याआधीच्या दहा टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला सुमारे १४.१ लागत असे. कार्बोरेटरला हे काही माहीत नसतं, तो जुन्याच मापानं देत राहतो. म्हणजे ई१० वर बसवलेली गाडी ई२० वर चारेक टक्के लीन होते, आणि निव्वळ पेट्रोलच्या काळात बसवलेली आठेक टक्के. बारीक-सारीक तक्रारी नसलेल्या गाडीला एवढं पचतं, आणि मिश्रणाच्या स्क्रूला पाव-अर्धी फेरी दिली की भरूनही येतं. पण जिचा जेट आधीच थोडा तुंबलाय, रबर थोडं चिरलंय, ती काठावर उभी असते. चार टक्क्यांनी ती काठावरून खाली जाते. मालकाला दिसतं ते एवढंच की नवं पेट्रोल आलं आणि गाडी बिघडली.

इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. तिथं आयडलिंगवर परिणाम कमी, मायलेजवर थोडा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं ऊर्जा कमी असते, त्यामुळं तेवढ्याच अंतराला जास्त पेट्रोल लागणार हे साध्या हिशोबाचं आहे. ‘काहीही फरक पडत नाही’ म्हणणारेही खरं बोलत नाहीत आणि ‘इंजिनाची वाट लागते’ म्हणणारेही.

आणखी दोन गोष्टी. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून डिसेंबरच्या सकाळी गाडी सुरू व्हायला जास्त कुरकुर करते. आणि इथेनॉल चांगलं विद्रावक आहे. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ ते सोडवतं आणि तो मळ थेट जेटमध्ये येतो. जुन्या गाडीला ई२० सुरू झाल्यावर जेट एकदा-दोनदा साफ करावा लागला तर घाबरू नये. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग ई२० सोसतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीची पेट्रोलची नळी दाबून बघा. कडक किंवा चिकट लागली तर बदला, खर्च फार नाही.

घाट चढल्यावर

सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. पसरणी घाट चढून वर गेलं की हवा सांगलीच्या मानानं सात-आठ टक्के विरळ होते. कार्बोरेटर पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणून वर गाडी रिच होते, जड वाटते आणि वेण्णा तलावाजवळच्या गर्दीत बंद पडते. ई२० चा परिणाम याच्या नेमका उलट, त्यामुळं खाली थोडी लीन वाटणारी एखादी गाडी वर उलट खुलते. एका दिवसाच्या सहलीसाठी स्क्रूला हात लावू नका. परत वाईला उतरल्यावर त्या बदलाची किंमत मोजावी लागते. वर राहणाऱ्यानं मात्र गाडी वरच ट्यून करून घ्यावी, सातारच्या गॅरेजमध्ये नाही.

“सरळ आयडलिंग वाढवून टाकलं तर?”

बहुतेक ठिकाणी हाच इलाज होतो. स्क्रू अर्धी फेरी आवळला, गाडी बंद पडायची थांबली, गिऱ्हाईक खूश. झालं एवढंच की थ्रॉटल थोडं जास्त उघडं ठेवून दोष झाकला. पेट्रोल जास्त जातं, पहिला गिअर टाकताना खडाक आवाज येतो, आणि घाट उतरताना रेस सोडली तरी इंजिनाचा ब्रेक कमी लागतो. मूळ दोष आत वाढतच असतो.

मायलेजसाठी आयडलिंग अगदी खाली आणणं हाही त्याचाच भाऊ. फेऱ्या फार पडल्या की ऑइल पंपही हळू फिरतो आणि वर रॉकरपर्यंत ऑइल कमी पोचतं. गाडी नुसती टुकटुकत उभी राहते ते ऐकायला छान वाटतं, पण पुस्तकातला आकडा कुणीतरी विचार करून दिलेला असतो.

झटका इंजिनाचा नसेल तर

न्यूट्रलला गाडी एकसारखी चालते, पण गिअरमध्ये हळू जाताना मात्र हिसके देते, अशी तक्रार असेल तर इंजिन सोडून मागं बघा. चेन ढिली असेल, किंवा मागच्या चाकाच्या हबमधली रबरं झिजली असतील, तर रेस दिली-सोडली की मधली ढिलाई हिसक्यानं भरून निघते. गिअर टाकून क्लच पूर्ण दाबल्यावर गाडी बंद पडत असेल तर क्लच नीट सुटत नाही, केबलला मोकळीक जास्त झालीय. घासणारा मागचा ब्रेकही हाच खेळ करतो. मधल्या स्टँडवर लावून चाक हातानं फिरवून बघितलं की कळतं. यासाठी कार्बोरेटर उघडणं म्हणजे पोटदुखीला कानात औषध.

पाण्यात राहिलेली गाडी

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला हवं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या. अशी गाडी बाहेर काढल्यावर लगेच किक मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून आधी पाणी बाहेर पडू द्यावं, ऑइल दुधट झालं असेल तर बदलावं, टाकी आणि फिल्टर रिकामे करावेत.

गाडी सुरू झाली म्हणून काम संपत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेल्या ओलीनं महिन्याभरात पांढरी भुकटी धरते आणि ती स्लो जेटकडंच जाते. पूर न येताही असं होतं, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी फार झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. पेट्रोलचा कॉकही तळालाच असतो. म्हणून पावसाळ्यात उभी राहिलेली कार्बोरेटरची गाडी काढताना वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल एका काचेच्या बाटलीत घ्या, आगीपासून लांब. बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवली की तळाशी वेगळा थर आहे की नाही ते स्पष्ट दिसतं. थर दिसला तर टाकीतलं पेट्रोलही काढा, आणि तो दिसायचा थांबेपर्यंत मिश्रणाच्या स्क्रूला हात लावू नका.